पावसाळ्याआधी रेडिओचा सराव करायचाय, पण खारघर ते ठाणे हँडी (हातातला रेडिओ सेट) पोचतच नाही. काय करावं?

खारघरचा_बाब्या

नमस्कार मंडळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आणि व्हीयू३ कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) हातात पडून बरेच दिवस झाले, पण खरं सांगायचं तर आत्तापर्यंत रिपीटरवर (उंचावरून सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) सकाळचं गुड मॉर्निंग, चहा झाला का, तुमच्याकडे लाइट आहे का, एवढ्यावरच गाडी अडलीये. आता आम्ही पाच जण (खारघरचे दोघं, एक नेरूळचा, एक ऐरोलीची आणि एक घोडबंदर रोडवाला) जून लागायच्या आत एखाद्या रविवारी बाहेर पडून इमर्जन्सी कम्युनिकेशनचा नीट सराव करायचं म्हणतोय. अट एकच, रिपीटर बंद, इंटरनेट बंद, घरची वीज बंद असं धरून चालायचं, जे काय होईल ते स्वतःच्या सेटवर आणि स्वतःच्या बॅटरीवर.

अडचण अशी की सिंप्लेक्सवर (थेट सेट ते सेट) ट्रायल घेतली तर सेंट्रल पार्कच्या मैदानातून नेरूळ कसंबसं खरखरत येतं, ऐरोली अजिबात नाही, आणि घोडबंदरचं तर नावच सोडा. सगळ्यांकडे ५ वॅटच्या हँड्या आहेत, अँटेना बहुतेकांची सेटबरोबर आलेली बुटकी रबरवालीच. एकाकडे १०० वॅटचा एचएफ रिग (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह बँडचा मोठा सेट) आहे, पण तो घराबाहेर कधी निघालेला नाही.

तर विचारायचं असं की उभं कुठे राहायचं, एचएफ काढायलाच लागेल का, परवानगीबिरवानगीचं काय, आणि मुख्य म्हणजे सराव म्हणजे नक्की करायचं काय? "येतंय का, येतंय, फाइव्ह नाइन" (म्हणजे सिग्नल झकास) करून वडापाव खाऊन घरी यायचं असेल तर ते आम्ही आत्ताही करतोच की. माझा मेव्हणा तर विचारतोय हे पिकनिकचं नवीन नाव आहे का.

डिटडा_काका

बाब्या, तुझ्या हँडीत काही खोट नाही, मधे डोंगर आहे तो बघ आधी. कळवा-मुंब्र्यापासून पारसिकची जी रांग सुरू होते ती खाली बेलापूर-खारघरपर्यंत येते. ऐरोली, रबाळे, घणसोली तिच्या खाडीकडच्या अंगाला, आणि तू सेंट्रल पार्कात म्हणजे डोंगर उशाला घेऊन बसलास. १४५ मेगाहर्ट्झची लाट साधारण नजर जाते तिथवर जाते, थोडीफार डोंगरमाथ्यावरून वाकते पण ५ वॅट आणि रबर अँटेनात ते वाकणं परवडत नाही.

आणि पॉवर वाढवायच्या मागे लागू नकोस, सगळी नवीन पोरं तेच करतात. ५ चे १० वॅट केलेस तर समोरच्याच्या मीटरवर अर्धा एस पॉइंट वाढतो, बस. त्यापेक्षा अँटेना बदल आणि उंची गाठ. अगदी फुकटचा उपाय आधी सांगतो. साधी वायर घे, ४९ सेंटीमीटर काप, एका टोकाला रिंग टर्मिनल लाव आणि अँटेना फिरवून बसवतो तिथे कॉलरच्या खाली अडकवून खाली लोंबकळत सोड. रबर अँटेनाला खालचा अर्धा भाग मिळतच नाही, तुझा हात आणि अंग तेवढं काम करतं, तेही अर्धवट. ही वायर लावली की फरक कानाला कळतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे गुंडाळून खिशात मावणारा जे-पोल अँटेना. पूर्वी टीव्हीच्या अँटेनाला ती चपटी दोन तारांची फीडर वायर यायची ना, ३०० ओहमवाली, ती जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात अजून मिळते. दीड मीटरच्या आत सगळं काम होतं. सुतळीने झाडाला वर ओढायचा, खाली सेटपर्यंत पाचसहा मीटर कोअॅक्स केबल. कोअॅक्स उगाच लांब नको, पातळ आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमागे दोनेक डीबी खातो, म्हणजे कष्टाने मिळवलेलं केबलमधेच घालवायचं.

आता जागा. पाचही जणांनी एकमेकांना ऐकायलाच पाहिजे हा हट्ट सोडा. एकाला बेलापूरच्या पारसिक हिलवर पाठवा, गाडी वरपर्यंत जाते, तिथून नेरूळ-सीवूड्सकडचं आणि खाडीकडचं मोकळं दिसतं. तो रिले, म्हणजे ऐकलेलं पुढे सांगणारा. ऐरोलीच्या ताईंनी खाडीकडे यायचं, बिल्डिंगांच्या मधे नाही. घोडबंदरवाल्याने कासारवडवलीत सोसायटीच्या गेटवर उभं राहू नये, मागे येऊरचा डोंगर आणि पुढे टॉवर, गायमुखला खाडीकाठी जावं. मग खारघर ते बेलापूर, बेलापूर ते ऐरोली, ऐरोली ते घोडबंदर अशी साखळी जमते का बघा. नाही जमली तर एक कडी वाढवा. कुठली जागा कुठे ऐकू येते याचा कागदावर नकाशा तयार झाला तरी पहिला रविवार वसूल.

एचएफचं रात्री लिहितो, आत्ता बाहेर निघालोय.

ऐरोली_बेलापूर_अपडाउन

मी हॅम वगैरे नाही, कुतूहल म्हणून वाचतोय. राग मानू नका पण आजच्या काळात वायर झाडाला बांधून "ओव्हर ओव्हर" करायची गरज काय? व्हॉट्सअॅप आहे, प्रत्येकाकडे दोन दोन सिम आहेत, उद्या सॅटेलाइट इंटरनेट येतंय, महापालिकेकडे स्वतःचे वायरलेस सेट असतातच. छंद म्हणून करा की मजा, पण इमर्जन्सी वगैरे नाव देऊन मोठं कशाला करायचं.

कळवा_खाडी

@ऐरोली_बेलापूर_अपडाउन प्रश्न बरोबर आहे, राग कशाला यावा. पण १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का? सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघ्याकडच्या ४०० केव्हीच्या लाइनी गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. तेव्हा लॉकडाऊनमुळे अर्धी जनता घरीच होती म्हणून निभावलं. मोबाइल टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर चालतात, दोनचार तास ठीक, त्यानंतर ज्याच्याकडे डिझेल पोचलं तो टॉवर चालू. आणि २६ जुलै २००५ ला तर डिझेल पोचवायला रस्ताच नव्हता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, इकडे उल्हास नदी बदलापूर-कल्याणात घुसलेली. ज्यांचे फोन चालू होते त्यांनाही लाइन मिळत नव्हती कारण सगळे एकदमच डायल करत होते. नेटवर्क मरायलाच पाहिजे असं नाही, गर्दीनेही तुंबतं.

दुसरं म्हणजे महापालिकेचे, पोलिसांचे सेट त्यांच्या त्यांच्या कामाला असतात, ते त्यांच्या यंत्रणेत. हॅमचा उपयोग होतो तो बहुतेक वेळा या दोन यंत्रणांच्या मधल्या भोकात. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची टीम अंदमानात पोर्ट ब्लेअरला हॅम ऑपरेशनसाठीच गेलेली होती, सगळं ठप्प झाल्यावर तिथून माणसं सुखरूप आहेत का याचे निरोप मेनलँडला त्यांनी पोचवले. किल्लारीला १९९३ मधे आणि भुजला २००१ मधेही हॅम गेले होते. त्यात कोणी हिरोगिरी केली नाही, निरोप घेतला, लिहिला, पुढे दिला.

हेही मान्य करतो की आमच्यातले काही जण जॅकेट, आयकार्ड आणि कंबरेला चार हँड्या लावून फोटो काढण्यापुरतेच इमर्जन्सीवाले असतात. त्यांच्यावरून सगळ्यांना मोजू नका.

डिटडा_काका

हां, एचएफ. तुमचा रिग बाहेर काढाच, कारण ज्या दिवशी पारसिक हिलवर माणूस पोचू शकणार नाही त्या दिवशी व्हीएचएफची (हँड्यांच्या १४५ मेगाहर्ट्झची) साखळी तुटली. ७ मेगाहर्ट्झवर म्हणजे ४० मीटरला साधा डायपोल, दोन्ही बाजूला दहा दहा मीटर वायर. आता गंमत अशी की डीएक्ससाठी (दूरदेशाशी बोलायला) आपण तो जमेल तेवढा उंच लावतो, इथे उलटं करायचं, तीनचार मीटरवरच ठेवायचा. मग लाट आडवी न जाता कारंज्यासारखी सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून परत आपल्याच आसपास दोनतीनशे किलोमीटरात पडते. याला एनव्हीआयएस म्हणतात. मधे पारसिक असो नाहीतर आख्खा सह्याद्री असो, फरक पडत नाही. ठाणे ते अलिबाग, ठाणे ते महाड, ठाणे ते पुणे, दिवसा ४० मीटरला आरामात. रात्री ४० मीटर जवळच्या अंतराला बसतं, मग ८० मीटरला जायचं, तिथे वायर दुप्पट लांब. तुझ्या ग्रेडला कुठल्या बँडवर किती पॉवर चालते ते लायसन्सच्या कागदावर बघून घे, मी सांगितलं म्हणून करू नकोस.

आणि एक गोष्ट घराबाहेर पडल्यावरच कळते. तुझ्या सोसायटीत ४० मीटरला एस ९ चा नॉइज असेल, एलईडीचे ड्रायव्हर, लिफ्ट, चार्जर, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर, सगळे मिळून ओरडत असतात. मोकळ्या माळावर बॅटरीवर रिग लाव, मीटरची सुई खाली बसते आणि घरी कधी ऐकू न आलेली स्टेशनं ऐकू येतात. नवीन माणसाला बाहेर न्यायचं ते त्यासाठीच.

७११० किलोहर्ट्झ आणि १४३०० किलोहर्ट्झ या इमर्जन्सीच्या ठरलेल्या जागा आहेत, आपला सराव त्यांच्यावर मांडू नका, बाजूला सरका. पण ऐकायची सवय लावा.

तलावपाळी

काकांनी अँटेनाचं सगळं सांगितलं, आता मी जरा कडू बोलते. पोचतं का नाही पोचतं यात आपले लोक आख्खा दिवस घालवतात आणि निरोप द्यायची वेळ आली की तोंडाला येईल ते बोलतात. मी एका सरावात नेट कंट्रोलच्या, म्हणजे सगळ्या स्टेशनांचं बोलणं सांभाळणाऱ्याच्या, शेजारी लिहायला बसले होते. निरोप निघाला होता "शाळेत सदुसष्ट माणसं", मधे दोन रिले, आमच्याकडे आला तेव्हा अडुसष्ट झाला होता, आणि तिसऱ्या स्टेशनच्या कागदावर "सत्तरच्या आसपास". सिग्नल सगळ्यांचा फाइव्ह नाइन बरं का! तेव्हा आकडा एकेक सुटा बोलायचा, सहा, सात. वेळ २४ तासांची, एक पाच तीन शून्य. साडेतीन, पावणेदोन, अडीच हे रेडिओवर बंद. खरखरीत "साडे" गेलं की नुसतं तीन उरतं आणि बोट अर्धा तास आधी जाऊन उभी.

मी सांगते सराव कसा करायचा. ज्या माणसाला सरावात भाग घ्यायचा नाही त्याच्याकडून पाकिटं बनवून घ्या. प्रत्येक स्टेशनला चारपाच बंद पाकिटं, वर फक्त उघडायची वेळ लिहिलेली. आत काय आहे कोणालाच माहीत नाही. वेळ झाली की पाकीट फोडायचं, आत परिस्थिती लिहिलेली असेल, उदाहरणार्थ "तुमच्या शेजारच्या समाजमंदिरात माणसं आणून ठेवली आहेत, त्यात ९ लहान मुलं, २ डायलिसिसचे पेशंट, एकाचं इन्सुलिन संपलंय, जनरेटर बंद". त्यावरून निरोप तुम्ही तयार करायचा, पंचवीस शब्दांच्या आत, आणि आधी कागदावर. कागदावर लिहिल्याशिवाय पीटीटीला (बोलायच्या बटणाला) बोट लावायचं नाही, हा नियम एवढा पाळलात तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

कागदावर वर निरोपाचा नंबर, प्रायॉरिटी (इमर्जन्सी, प्रायॉरिटी, वेलफेअर, रुटीन), कुठून निघाला, वेळ, शब्द किती, कोणासाठी. खाली मजकूर आणि देणाऱ्याचं नाव व हुद्दा. शब्द किती हे फालतू वाटतं पण तेच कामाला येतं, घेणारा मोजतो, २१ सांगितले आणि २० भरले की लगेच कळतं कुठेतरी एक सांडलाय. मग पूर्ण निरोप परत मागायचा नाही, "अमुक शब्दानंतरचं परत सांगा" एवढंच. प्रत्येक स्टेशनला दोन माणसं पाहिजेत, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. जो बोलतो तोच लिहितो तेव्हा दोन्ही कामं अर्धी होतात.

प्रत्येक निरोपाच्या आधी आणि नंतर "सराव, सराव, सराव" म्हणायचंच. कोणी ऐकणारा असतो, त्याने "मुलं अडकली आहेत" एवढंच ऐकलं आणि ११२ ला फोन लावला तर? आणि पेशंटची नावं हवेत उघडी बोलायची नाहीत. आपल्याला कोडमधे, एनक्रिप्ट करून बोलायची परवानगी नाही, म्हणजे जे बोलाल ते सगळ्या गावाने ऐकलं असंच धरा.

संध्याकाळी सगळे भेटाल तेव्हा सिग्नल रिपोर्ट बाजूला ठेवा. निघालेला कागद आणि पोचलेला कागद शेजारी शेजारी ठेवा, लाल पेनने फरकावर गोल करा. तुमचा सराव कसा झाला ते त्या गोलांवरून कळेल.

अजून एक, हे कोणी लक्षात घेत नाही. तुमच्यातले नेरूळ, ऐरोली, घोडबंदर हे ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमधे, पनवेल महापालिकेत. म्हणजे खारघरचा निरोप ठाणे कलेक्टर ऑफिसला पाठवून उपयोग नाही, तो अलिबागला जायला पाहिजे. १०७७ लावलं तरी ज्या त्या जिल्ह्याचा कंट्रोल रूम लागतो. तुमच्या सरावात "कोणासाठी" या रकान्यात खरी ऑफिसं लिहा, मग काका म्हणतात ते एचएफ का लागतं ते आपोआप समजेल.

तुर्भे_वर्कशॉप

बॅटरीवर कोणी बोललं नाही म्हणून. १०० वॅटचा रिग फुल पॉवरला ट्रान्समिट करताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो, नुसता ऐकताना एक अँपिअर धरा. यूपीएसमधली ती ७ एएचची बॅटरी घेऊन याल आणि अर्ध्या तासात रिग बंद चालू बंद चालू करायला लागेल, कारण जड लोडवर तिचा व्होल्टेज धाडकन पडतो आणि ती पूर्ण रिकामी करायचीही नसते. पॉवर २० वॅटवर आणा, एनव्हीआयएसला तेवढी पुरते, आणि जमलं तर २० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, वजनाला हलकी आणि व्होल्टेज शेवटपर्यंत सरळ राहतो. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ, रिगजवळ नाही, आणि प्लस मायनस दोन्ही वायरीला. मोटरसायकलच्या बॅटरीवर प्रयोग करू नका, परत येताना धक्का मारायला लागतो.

हँडीसाठी जास्तीचा पॅक नसेल तर पेन्सिल सेलची केस मिळते का बघा, सेल कुठल्याही टपरीवर मिळतात, चार्जर मिळत नाही.

वायर झाडावर टाकायला फेकाफेकीसाठी अर्धी भरलेली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि मासेमारीची नायलॉन दोरी. बाटली पूर्ण भरू नका, फांदीवरून पलीकडे गेल्यावर जोरात खाली येते आणि खाली कोणीतरी वर बघत उभा असतोच. गुलमोहर टाळा, फांद्या आडव्यातिडव्या, दोरी अडकली की अडकली आणि ओढाल तर फांदीच हातात येते. सरळ खोडाचं सुरू किंवा निलगिरीचं झाड बघा. आणि वर बघा, आधी वर बघा, महावितरणची लाइन जवळपास असेल तर त्या झाडाला हातच लावू नका.

लिहायला पेन्सिल. जेल पेनचं अक्षर पहिल्या शिंतोड्याला पसरतं.

येऊरचा_वारा

परवानगीचं मी सांगतो, कारण त्यावर आमचं अडलं होतं. येऊर म्हणजे नॅशनल पार्कचा भाग, वनखात्याचं गेट आहे, तिथे वायर्स, मास्ट, बॅटऱ्या घेऊन गेलात तर विचारणारच, आधी लेखी परवानगी घ्या नाहीतर उपवनच्या अलीकडेच बसा. खारघरच्या डोंगरावर आणि पांडवकड्याकडे पावसाळ्यात दरवर्षी बंदी लागते, मेमधे गेलात तर ठीक, जुलैमधे "इमर्जन्सीचा सराव आहे साहेब" सांगून उपयोग नाही.

त्याहून महत्त्वाचं. आपल्या आसपास खाडीपलीकडे ट्रॉम्बे, इकडे जेएनपीटी, उलव्याला आता विमानतळ चालू झालाय. मोकळ्या मैदानात चार माणसं यागी अँटेना हातात धरून फिरवत बसली की लोक पोलिसांना फोन करणारच, आणि त्यांचं चूक नाही. लायसन्सची प्रत आणि ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात, आदल्या दिवशी जवळच्या पोलीस स्टेशनला साधं पत्र, त्यात जागा, वेळ, नावं आणि कॉलसाइन. विमानतळाच्या आसपासची जागा निवडूच नका. टेबलावर एक ए-फोर कागद चिकटवा, "हौशी रेडिओ केंद्र, आपत्कालीन संपर्काचा सराव चालू आहे". आमच्या इथे त्या कागदामुळे मॉर्निंग वॉकवाले आजोबा थांबले, त्यातले एक नेव्हीतले निवृत्त सिग्नलवाले निघाले आणि आमच्यापेक्षा फास्ट मोर्स घेत होते.

वीज कडाडायला लागली की सगळं खाली. वळवाच्या पावसात "एवढा एक निरोप देतो आणि काढतो" हे करायचं नाही.

लोरावाला

व्हीएचएफ-एचएफच्या जोडीला मेश नोड पण ठेवा असं सुचवेन. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे ठरलेल्या पॉवरच्या आत विनापरवाना आहे, त्यामुळे घरातले बिनलायसन्सवाले पण वापरू शकतात. छोटे बोर्ड, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे, मजकूर एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. एक नोड पारसिक हिलवर सोलरवर ठेवला की बरंच काम होतं. आवाज जात नाही, फक्त टेक्स्ट, पण शब्द सांडत नाहीत.

डिटडा_काका

लोरावाला, ठेवा की, माझा विरोध नाही. फक्त तो नोड तिथे कोण ठेवणार, कोणाच्या गच्चीवर, आणि पावसात बंद पडला तर कोण चढणार हे आधी ठरवा. आकाशवाणी झाली आणि डबा गायब असं नको.

ऐरोली_बेलापूर_अपडाउन

वाचत गेलो आणि थोडा मऊ झालो. दोन प्रश्न. एक, लायसन्सला काय लागतं, मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला चालेल का? दोन, ऑनलाइन मिळतात ते वॉकीटॉकी घेऊन ठेवले तर चालतात का?

कळवा_खाडी

मुलीला चालेल, वयाची अट १२ वर्षं पूर्ण. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची, डब्ल्यूपीसी विंग घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरलला आहे, मिनिटाला ८ शब्द. आठवी-नववीच्या पोरांना थिअरी जड जात नाही, मोठ्यांनाच जाते.

वॉकीटॉकीचं सांभाळून. हॅम बँडचा सेट बिनलायसन्स घेऊन वापरणं गुन्हा आहे, "इमर्जन्सीसाठी ठेवलाय" ही पळवाट नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी पॉवरचे सेट २०१८ पासून लायसन्समुक्त आहेत, पण खोक्यावर काय छापलंय आणि आत काय आहे हे वेगळं असू शकतं. २०२५ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना याच कारणावरून नोटिसा काढल्या होत्या. खोक्यावर ईटीए सर्टिफिकेटचा (सेटला सरकारी मंजुरी असल्याचा) उल्लेख आहे का ते बघा.

खारघरचा_बाब्या

काका, ताई, सगळ्यांचे आभार. ती ४९ सेंटीमीटरची शेपटी वायर लावली, नेरूळ खरखर जाऊन स्वच्छ आलं, ऐरोली अजून नाहीच. पारसिक हिलवर जायला नेरूळवाला तयार झालाय. एचएफ रिगवाल्याने बॅटरीचे भाव बघून तोंड वाकडं केलंय पण येईल. अलिबागला एक ओळखीचे हॅम आहेत, त्यांना ४० मीटरला बसायला सांगितलंय, रायगडचे निरोप त्यांच्याकडे.

दोन शंका. मेव्हण्याला यायचंय, लायसन्स नाही, त्याला बोलू द्यायचं का? आणि नेट कंट्रोल मीच होऊ का, कारण सगळं मीच जमवतोय?

डिटडा_काका

मेव्हण्याला पीटीटी नाही. लिहायला बसव, तलावपाळी ताईंनी सांगितलंय ना दोन माणसं लागतात. घड्याळ आणि लॉग त्याच्याकडे दे.

नेट कंट्रोल तू होऊ नकोस. जो जमवतो त्याला दिवसभर सगळ्यांचे फोन येत असतात, चहा कुठे आला, गाडी कुठे लावू. ऐरोलीच्या ताईंना कर, त्या साखळीच्या मधेही आहेत. नेट कंट्रोलचं काम कमी बोलायचं. दोन बोलण्यांच्या मधे एक सेकंद मोकळा सोडायचा, म्हणजे ज्याला खरंच घाईचं आहे तो "ब्रेक" म्हणून घुसू शकतो. आणि पीटीटी दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि पहिला शब्द बहुतेक वेळा कॉलसाइनच असतो.

तलावपाळी

पाकिटं कोण बनवतंय ते ठरवा आधी. तुमच्यातल्या कोणी बनवली तर त्याला आतलं माहीत असणार.

ऐरोली_बेलापूर_अपडाउन

मी बनवतो. मला रेडिओतलं काही कळत नाही म्हणजे अट पूर्ण झाली. मुलीला पण बसवतो बरोबर, तिची कल्पनाशक्ती जास्त चालते. आत्ताच म्हणतेय एका पाकिटात टाकूया, "तुमच्या नेट कंट्रोलची बॅटरी संपली, आता पुढचा कंट्रोल कोण?"

डिटडा_काका

हे पाकीट दुपारी बाराच्या आत फोडायला लावा. जेवल्यावर सगळे सुस्तावतात.